माहिती फुटणार आहेच, मग जपायचं काय?

वारज्याचा_वारा (धागाकर्ता)

"आमच्या प्रणालीत अनधिकृत प्रवेश झाल्याचं निदर्शनास आलं आहे. आपली आर्थिक माहिती सुरक्षित आहे." अशी मेल आली की आपण कंपनीला दोन शिव्या घालतो, फार तर पासवर्ड बदलतो आणि विसरून जातो. मला त्या दुसऱ्या वाक्याचाच राग येतो. आर्थिक माहिती गेली असती तर एक वेळ परवडलं असतं.

उलटं वाटेल, म्हणून सविस्तर लिहितो. नोकरीचा भाग म्हणून माहिती-सुरक्षेच्या ऑडिटला बसतो, तेवढंच माझं भांडवल.

कार्डाचा नंबर फुटला तर बँकेला फोन करून कार्ड बंद करता येतं, काही दिवसांत नवं घरी येतं. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार आणि शॉपिंग साइट्सना आपला कार्ड नंबर साठवायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. त्यांच्याकडे असतो तो टोकन, म्हणजे कार्ड नंबरच्या जागी दिलेला दुसरा क्रमांक, आणि तो दुसरीकडे चालत नाही. पासवर्ड तर दोन मिनिटांत बदलतो. मोबाइल नंबर बदलणं त्रासाचं आहे, पण अशक्य नाही.

आता जन्मतारीख बदलून दाखवा. आईचं माहेरचं नाव, आधार क्रमांक, बोटांचे ठसे, रक्ताचे रिपोर्ट, जातीचा दाखला यांतलं काहीच बदलता येत नाही. एकदा बाहेर गेलं की आपण असेपर्यंत बाहेर. आणि हीच माहिती आपण सगळ्यात सढळ हाताने वाटतो. तुळशीबागेतल्या दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागितला तर कपाळाला आठ्या घालणारा माणूस लॅबमध्ये, जिममध्ये, भाडेकराराच्या एजंटाकडे आधारची प्रत मुकाट काढून देतो.

२०२१ मध्ये एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती गेली. ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ एवढ्या काळातली. गळती झाली ती आरक्षणाची यंत्रणा सांभाळणाऱ्या सीटा या बाहेरच्या कंपनीकडे. प्रवाशांनी तिचं नावही ऐकलं नव्हतं. कार्डांचे सीव्हीव्ही तिथे नव्हतेच, पण नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील हे सगळं होतं. त्याच वर्षी डॉमिनोजच्या भारतातल्या सुमारे १८ कोटी ऑर्डरींचा तपशील बाहेर आला. कुणीतरी त्यावर चक्क शोधयंत्र बांधलं. मोबाइल नंबर टाकला की त्या माणसाने कुठल्या पत्त्यावर पिझ्झा मागवला ते समोर. कंपनीने सांगितलं की आर्थिक माहिती गेलेली नाही. खरंच नव्हती गेली. पण एखाद्या बाईचा पाठलाग करणाऱ्याला तिचा कार्ड नंबर कशाला हवा?

चोराचं खरं काम तुकडे जोडण्याचं असतं. एका गळतीतून नंबर आणि पत्ता, दुसरीतून जन्मतारीख, तिसरीतून पॉलिसी क्रमांक. मग फोन येतो आणि समोरचा आपलं संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, जुना पत्ता धडाधड सांगतो. एवढं माहीत आहे म्हणजे माणूस बँकेतलाच किंवा पोलीसच असणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पोलीस असल्याचं भासवून, अटकेची भीती घालून पैसे उकळणाऱ्या 'डिजिटल अरेस्ट'च्या फोनमागे भाबडेपणा कमी आणि अशी जमवलेली माहिती जास्त असते.

म्हणून माझा नियम असा: गळती होणार हे धरूनच चालायचं. बदलता येण्यासारख्या गोष्टी एकमेकींपासून तोडून ठेवायच्या, म्हणजे एक फुटली तर दुसरी उघडणार नाही. न बदलणाऱ्या गोष्टी देताना मात्र कंजुषी करायची, समोरच्याला राग आला तरी.

तुम्ही काय करता ते लिहा.

---

मुळामुठा

वाचतोय. जिमवाल्याने माझ्याकडे खरंच आधार मागितलं होतं. वजन वाढलंय हे सरकारला कळवणार होता बहुतेक.

---

दुपारी_एक_ते_चार

लेख चांगला आहे, पण आता वेळ गेली असं मला वाटतं. माझा नंबर, पत्ता, आधार, पॅन सगळं कुठे ना कुठे फुटलेलंच असणार. आणि माझ्या खात्यात असं आहे तरी काय चोरायला? उगाच प्रत्येक ठिकाणी हुज्जत घालून रक्तदाब वाढवायचा.

---

टिळकरोड_टेकी

@दुपारी_एक_ते_चार, खात्यात काही नसलं तरी तुमच्या नावावर कर्ज निघू शकतं. पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल एवढ्यावर छोटी कर्जं देणारी अॅप्स कमी नाहीत. लोकांना पत्ता लागतो तो गृहकर्जाच्या वेळी, क्रेडिट स्कोअर घसरलेला दिसतो तेव्हा.

यावर फुकट उपाय आहे. आपल्याकडे क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. चौघींचे अहवाल तीन-तीन महिन्यांच्या अंतराने मागवले की वर्षभर लक्ष राहतं. अनोळखी कर्ज दिसलं तर तिथेच तक्रार टाका. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हे २०२४ पासून लागू आहे, पण मागणारे फार थोडे.

तसंच दूरसंचार खात्याच्या संचार साथी या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. एका माणसाला नऊपर्यंत घेता येतात, त्यामुळे एखाद-दुसरं जास्तीचं असलं तर सहज लक्षात येत नाही. आपलं नसेल तर 'माझा नंबर नाही' असं तिथेच कळवा.

---

निवृत्त_पासबुक

धागा महत्त्वाचा आहे. मी एका सहकारी बँकेत सदतीस वर्षं काढली, म्हणून थोडं बँकेच्या बाजूने लिहितो.

पुणेकरांना कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवत असेल. ऑगस्ट २०१८. ११ तारखेला, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन केलेल्या कार्डांनी पैसे काढले गेले. १३ तारखेला स्विफ्टमधून (बँका परदेशी पैसे पाठवायचे आदेश देतात ती यंत्रणा) सुमारे १४ कोटी हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या घरात. एटीएमकडून "पैसे द्यायचे का?" अशी विचारणा बँकेच्या स्विचकडे जाते, तिथून खातं तपासून होकार किंवा नकार येतो. चोरांनी मालवेअरच्या मदतीने मध्येच खोटा स्विच उभा केला होता आणि तो प्रत्येक विचारणेला होकार देत होता. खातेदारांच्या खात्यातून रक्कम वजा झालीच नाही, भुर्दंड बँकेवर पडला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली.

हे सांगायचं कारण असं की बँकेकडून गळती झाली तर पैसे कुणी भरायचे याचे नियम आहेत आणि ते ग्राहकाच्या बाजूचे आहेत. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक पाहा. सहकारी बँकांसाठी तेच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच गळती झाली, आणि ग्राहकाने व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवस लागले तर थोडी तोशीस ग्राहकाला. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. कळवल्यावर दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते.

मेख एकच. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः सांगितलात तर ही ढाल गेली. म्हणून चोर बँक फोडण्यापेक्षा फोन करणं पसंत करतो.

---

वारज्याचा_वारा

@निवृत्त_पासबुक, धन्यवाद काका. बँकेला कळवल्यावर पोचपावती किंवा तक्रार क्रमांक घ्यायचाच, हे मी जोडतो. फोनवर "झालं हो तुमचं काम" एवढ्यावर ठेवू नये, कारण तीन दिवस कुठून मोजायचे हा वाद नंतर होतोच.

आणि १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे गेल्याचं कळलं की आधी या क्रमांकावर फोन, नातेवाइकांना नंतर. रक्कम पुढच्या खात्यात असेपर्यंत ती रोखता येते. एकदा ती दहा खात्यांत वाटली गेली की पोलिसांच्याही हातात फारसं राहत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरची तक्रार त्यानंतर सावकाश लिहा, स्क्रीनशॉट जोडा.

---

अभ्यासिका_खिडकी

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, सदाशिव पेठेत राहते. आमच्याकडे गळती कुठल्या परदेशी हॅकरमुळे होत नसावी. ती झेरॉक्सच्या दुकानात होते.

फॉर्म भरायची शेवटची तारीख असली की दुकानाबाहेर रांग लागते. भिंतीवर व्हॉट्सअॅप नंबर लिहिलेला असतो. त्यावर आधार, दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, फोटो, सही सगळं पाठवायचं. काका प्रिंट देतात, दहा रुपये घेतात. फाइल मात्र त्यांच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये राहते. मागच्या वर्षी एका दुकानात स्क्रीनकडे नजर गेली, तर डेस्कटॉपवर अनोळखी मुलामुलींचे शेकडो दाखले. दुकानदार वाईट माणूस नाही हो. त्याला पुसायला सवडच नाही. पण ते मशीन उद्या कुणी जुन्या बाजारात विकलं तर?

आम्ही मैत्रिणींनी आता एवढं केलंय: पेन ड्राइव्हमध्ये फक्त तीच एक फाइल न्यायची. मेलवरून काढावीच लागली तर त्यांच्या ब्राउझरच्या खाजगी खिडकीत लॉगिन करायचं आणि डाउनलोड झालेलं समोर उभं राहून पुसायला लावायचं, रीसायकल बिनसकट. काका आधी कुरकुरले. आता स्वतःच विचारतात, "ताई, पुसू ना?"

---

मुळामुठा

+१. रीसायकल बिन हा शब्द या धाग्यावर आल्याबद्दल विशेष आभार.

---

टिळकरोड_टेकी

@अभ्यासिका_खिडकी, तुमचा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. आधारच्या बाबतीत भर: आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड' आधार उतरवून घ्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. ओळख पटवायला बहुतेक ठिकाणी पुरतं. जिथे क्रमांकच लागतो तिथे १६ आकडी व्हर्च्युअल आयडी देता येतो आणि तो हवा तेव्हा नवा काढता येतो. म्हणजे धागाकर्त्याच्या भाषेत, न बदलणाऱ्या क्रमांकाच्या जागी बदलता येणारा.

गंमत अशी, की मे २०२२ मध्ये युआयडीएआयच्या बेंगळुरूच्या कार्यालयाने 'आधारच्या प्रती कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार वापरा' असं पत्रक काढलं होतं. दोन दिवसांत ते मागे घेतलं, गैरसमज होईल म्हणून. सल्ला मात्र मला तरी योग्यच वाटला होता.

पासवर्डबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लिंक्डइनची गळती २०१२ ची. तेव्हा साधारण ६५ लाख पासवर्डांचे हॅश (पासवर्डापासून गणिताने बनवलेली, उलटी न फिरवता येणारी खूण) बाहेर आल्याचं दिसलं. २०१६ मध्ये कळलं की ११ कोटींहून जास्त खात्यांचे ईमेल आणि पासवर्ड विकायला ठेवलेत. चार वर्षं तो साठा कुणाकडे तरी होता. शिवाय हॅश करताना त्यात 'सॉल्ट', म्हणजे प्रत्येकासाठी वेगळी अशी वाटेल ती अक्षरं, मिसळलेली नव्हती, त्यामुळे एकसारख्या पासवर्डांचे हॅशही एकसारखे, आणि सोपे पासवर्ड पटापट सुटले. मग तीच ईमेल-पासवर्डाची जोडी बँक, जीमेल, शॉपिंग सगळीकडे यंत्राने लावून बघतात. घर, दुकान आणि लॉकर एकाच किल्लीने उघडत असेल तर चोराला कुलूप तोडायचे कष्ट कशाला?

त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड. ते लक्षात राहणं शक्य नाही, म्हणून पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं अॅप. बिटवॉर्डन फुकट आहे, कीपास तर पूर्णपणे तुमच्याच मशीनवर राहतो. दर महिन्याला पासवर्ड बदलायची गरज नाही. लांब आणि वेगळा असला की पुरे. ज्या साइटवर पासकी (पासवर्डाच्या जागी चालणारी, फोनच्या लॉकने उघडणारी किल्ली) आहे तिथे पासकी घ्या, कारण त्यात चोरण्यासारखा पासवर्डच सर्व्हरवर नसतो.

आपला ईमेल कुठल्या गळतीत आहे ते 'हॅव आय बीन पोन्ड'वर बघता येतं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेली साइट आहे.

---

दुपारी_एक_ते_चार

त्या साइटवर माझा पासवर्ड टाकून बघायचा? म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या चाव्या.

---

टिळकरोड_टेकी

शंका रास्त आहे. ईमेल तपासताना पासवर्ड मागितला जात नाही. पासवर्ड तपासायची सोय वेगळी आहे. तिथे तुमच्या पासवर्डाचा हॅश तुमच्याच ब्राउझरमध्ये तयार होतो आणि त्याची फक्त पहिली पाच अक्षरं साइटकडे जातात. त्या पाच अक्षरांनी सुरू होणारी यादी परत येते, जुळवणी तुमच्या मशीनवर होते. तरीही मन धजत नसेल तर राहू द्या. ईमेल तपासलं तरी बरंच कळतं.

---

चाफेकळी

मी बाणेरच्या एका सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि हा धागा वाचून झोप उडाली आहे. आमच्या कमिटीने ठरवलंय की सगळे सभासद, भाडेकरू, कामवाल्या मावशी, ड्रायव्हर यांचं आधार गोळा करायचं. गेटच्या अॅपसाठी म्हणे. आधीच्या कमिटीने बनवलेली एक ऑनलाइन शीट आहे, तिची लिंक ज्याच्याकडे असेल त्याला ती उघडते. त्यात फ्लॅट नंबर, नावं, फोन, गाड्यांचे नंबर, काहींचे आधार क्रमांक आणि 'गावी जाणार असल्यास तारीख' असा एक रकानाही आहे!! मी तो रकाना काल काढून टाकला.

कायद्याने आम्हाला नक्की काय ठेवावं लागतं?

---

मुळामुठा

गावी जाण्याची तारीख. चहापाण्याची व्यवस्थाही लिहून ठेवायची होती चोरासाठी.

---

कलम३२

@चाफेकळी, वकील आहे, पण हा सल्ला फुकट आहे, त्या मानाने घ्या.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि नियमांनुसार सोसायटीने सभासदांचं 'आय' नमुन्यातलं रजिस्टर आणि 'जे' नमुन्यातली यादी ठेवायची असते. दोन्हींचा रोख सभासद कोण, कुठला, त्याचे शेअर्स किती यावर आहे. कलम ३२ खाली सभासदाला यादी पाहण्याचा हक्क आहे. शेजाऱ्याचं आधार पाहण्याचा नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची ती घरमालक पोलिसांच्या संकेतस्थळावर थेट भरतो. सोसायटीला ती भरल्याची पोच दाखवली की झालं, भाडेकरूच्या आधारची प्रत फाइलला लावून ठेवण्यात काय हशील?

आता नव्या कायद्याबद्दल. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला नियमांत १८ महिन्यांची मुदत. गती बघा.

या कायद्यात फक्त कंपन्या येत नाहीत. व्यक्तींचा समूह, मग तो नोंदणीकृत असो वा नसो, येतो. सोसायटी 'आम्ही घरगुती आहोत' म्हणून सुटेल असं मला वाटत नाही. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. तुम्हाला कुणी २५० कोटी लावणार नाही, घाबरू नका. पण ज्या कामासाठी माहिती घेतली तेवढ्यालाच वापरायची, काम संपलं की पुसायची, आणि फुटली तर ज्यांची फुटली त्यांना विनाविलंब कळवायचं, हा सांगाडा आजपासून पाळायला हरकत नाही.

जाता जाता एक कडू गोष्ट: तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याची माहिती गेली त्याला त्यातून छदामही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ए मध्ये भरपाईची जी वाट होती, तीही हा कायदा काढून टाकतो. म्हणून 'कायदा आला, आता बघून घेऊ' या भ्रमात कुणी राहू नये.

---

सांगवीची_सई

कामवाल्या मावशींबद्दल बोलायचं आहे. आपण इथे मास्क्ड आधार, व्हर्च्युअल आयडी वगैरे बोलतोय. मावशींना कुणी विचारतं का? ज्या ज्या सोसायटीत त्या काम करतात, तिथल्या सिक्युरिटी केबिनमध्ये त्यांच्या आधारची प्रत टाचणीला लावलेली असते. पाहणारे गार्ड दर दोन महिन्यांनी बदलतात. नाही म्हटलं तर काम जातं. आमच्या मावशींना गावाकडच्या खात्यात योजनेचे पैसे येतात, त्या अंगठा लावून काढतात. त्यांचा आधार क्रमांक ज्याच्या हाती लागेल त्याला तेवढा अंगठाच मिळवायचा राहतो.

आपली माहिती फुटली तर आपण इंग्रजीत मेल लिहू, बँकेत भांडू. त्यांनी काय करायचं?

---

वारज्याचा_वारा

@सांगवीची_सई, हा मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा होता.

अंगठ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अंगठा लावून पैसे काढायच्या, आधारवर चालणाऱ्या एईपीएस व्यवहाराला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढंच लागतं. ओटीपी नाही, कार्ड नाही. खेड्यातल्या माणसाच्या सोयीसाठीच ती पद्धत काढली. इतर राज्यांत असे गुन्हे झालेत की जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे मिळवून त्यांचे सिलिकॉनचे साचे केले आणि त्यांनी पैसे काढले. खरेदीखत आणि भाडेकरारावर आपण सगळेच अंगठा देतो.

उपाय आहे: आधारचे बायोमेट्रिक लॉक करता येतात, संकेतस्थळावरून किंवा अॅपवरून. लॉक असताना ठसा, डोळा, चेहरा काहीच चालत नाही. गरजेपुरतं तात्पुरतं उघडता येतं. आणि गेल्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठे कुठे तपासलं गेलं ते त्याच ठिकाणी दिसतं. महिन्यातून एकदा नजर टाकली तर बरं.

पण मावशी दर महिन्याला अंगठ्यावरच पैसे काढत असतील तर लॉक त्यांच्या कामाचं नाही. त्यांच्यासाठी आपणच केबिनमधल्या प्रती फाडायला लावणं, हे जास्त उपयोगी. फोटो, नाव, फोन आणि कुठल्या फ्लॅटमध्ये काम, एवढ्यावर गेट चालतं. ओळख पटवायची असेल तर आधार एकदा पाहा आणि परत द्या.

---

चाफेकळी

सगळ्यांचे आभार. रविवारच्या कमिटीच्या बैठकीत मी हे मांडणार आहे: जुनी शीट बंद. आधारचे रकाने आणि केबिनमधल्या प्रती नष्ट, दोन सभासदांसमोर. यापुढे कुणाचंही आधार फक्त पाहून परत द्यायचं, ठेवून घ्यायचं नाही. सभासदांची यादी 'जे' नमुन्यात सेक्रेटरीकडे. घर सोडून गेलेल्या भाडेकरूची नोंद अॅपमधून महिन्याभरात काढायची. अॅपच्या कंपनीला पत्र, की व्हिजिटर्सचे फोटो किती दिवस ठेवता ते लेखी कळवा.

खजिनदार काका म्हणतील, 'पोलिसांनी मागितलं तर?'

---

कलम३२

पोलिसांनी लेखी मागितलं तर असेल ते द्यायचं. मागतील म्हणून साठवून ठेवा, असं तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. काकांना सांगा, नसलेला कागद फुटत नाही.

---

अभ्यासिका_खिडकी

मास्क्ड आधार परीक्षा केंद्रावर चालेल का? हॉल तिकिटासोबत मूळ ओळखपत्र लागतं.

---

टिळकरोड_टेकी

केंद्रावर धोका पत्करू नका, त्या-त्या परीक्षेच्या सूचनेत लिहिलेलं ओळखपत्रच न्या. तिथे ते दाखवायचं असतं, ठेवून घेत नाहीत. तुमची गळती दुकानात आहे आणि तिथला बंदोबस्त तुम्ही केलाच आहे.

---

निवृत्त_पासबुक

बायोमेट्रिक लॉक काल मुलीकडून करून घेतलं. आता एक अडचण. नोव्हेंबरात मला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जीवन प्रमाणला, म्हणजे त्याच्या ऑनलाइन दाखल्याला, अंगठा किंवा चेहरा लागतो. लॉक असेल तर दाखला निघणारच नाही ना?

---

वारज्याचा_वारा

नाही निघणार काका. त्या दिवशी अॅपमधून तात्पुरतं उघडा. थोड्या वेळाने ते आपोआप परत लॉक होतं, त्यामुळे यंत्रासमोर बसल्यावरच उघडा, घरून निघताना नको. मोबाइलवर ओटीपी येतो, तेव्हा आधारला जोडलेला नंबर चालू आहे ना ते आधी बघून ठेवा. नाहीतर शाखेत जाऊन कागदी फॉर्मवर सही करा, तोही चालतो.

---

निवृत्त_पासबुक

नंबर जुना लँडलाइनच्या काळातला आहे की काय ते मुलीला विचारतो. शाखेत जायला माझी ना नाही, तिथे अजून दोघेजण ओळखीचे उरलेत.